गच्चीवर एक टन

सुदामा नगरातल्या माझ्या आत्याने मागच्या उन्हाळ्यात घरावर मजला चढवला आणि मला तातडीचं बोलावणं आलं. मजल्यासाठी नव्हे, टाकीसाठी. दोन हजार लिटरची काळी टाकी अंगणात पारिजातकाला टेकून उभी होती आणि प्लंबर गच्चीच्या मधोमध बोट दाखवत होता, कारण बाथरूमचा पाइप तिथून जवळ पडत होता. "कुछ नी होता भिया, नई छत है," तो मला म्हणाला. आत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तीस वर्षं इंदूरमध्ये लोकांची घरं बांधून देण्याच्या धंद्यात काढल्यामुळे नातेवाइकांना माझी आठवण अशाच वेळी येते.

"आत्या, या टाकीचं वजन किती असेल?"

"असून असून किती असणार? प्लास्टिकचीच तर आहे. दोन पोरांनी हसत हसत उतरवली."

गफलत होते ती इथेच. टाकी आपण रिकामी विकत घेतो, रिकामी उचलतो, रिकामी जागेवर ठेवतो आणि मग वीस वर्षं भरलेली वापरतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन, एका छोट्या मोटारीइतकं वजन. आत्याला मी म्हटलं, गच्चीवर दोन मारुती गाड्या एकावर एक चढवायच्या आहेत असं समज. ती एकदम गप्प झाली. ती गप्प झाली की प्रकरण समजलं असं आम्ही धरतो.

आता थोडा हिशेब. घराची गच्ची बांधताना इंजिनिअर माणसांची ये-जा, वाळवण, चार खुर्च्या असं धरून दर चौरस मीटरला साधारण 150 किलो भार गृहीत धरतो. हजार लिटरच्या उभ्या टाकीचा तळ जेमतेम एक चौरस मीटर. म्हणजे तेवढ्या तुकड्यावर हजार किलो, धरलेल्या भाराच्या सहा-सातपट. मग सगळ्या गच्च्या कोसळत कशा नाहीत? कारण स्लॅब तेवढ्याच तुकड्यावर उभी नसते, ती वजन आजूबाजूला वाटून घेते, शिवाय हिशेबात थोडी सूटही ठेवलेली असते. पण तेच वजन खोलीभर पसरण्याऐवजी नेमकं मधोमध ठेवलं, तर स्लॅबला वाकवणारा जोर जवळजवळ दुप्पट होतो. मधोमध ही स्लॅबसाठी सगळ्यांत वाईट जागा आहे आणि प्लंबरसाठी बहुधा सगळ्यांत सोयीची.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. राजेंद्र नगरच्या आमच्या स्वतःच्या घरी वडिलांनी दुसरी टाकी आणली तेव्हा मी धंद्यात नवा होतो आणि "राहू द्या इथेच" असं म्हणणारा मीच होतो. दोन पावसाळ्यांनी मधल्या खोलीच्या छताला पंख्याच्या हुकापासून भिंतीपर्यंत केसाएवढी रेघ आली. पुढच्या वर्षी त्या रेघेतून पिवळट डाग उतरला, म्हणजे पाणी आतल्या सळईपर्यंत पोचलं होतं. गंजलेली सळई फुगते आणि फुगली की काँक्रीटची खपली काढते. टाकी हलवायला एक सकाळ लागली, छत दुरुस्त करायला दोन महिने. आई अजून पाहुण्यांना ती जागा दाखवते.

तर टाकीची जागा भिंतीवर, बीमवर, आणि जमलं तर जिथे दोन बीम कॉलमवर भेटतात त्या कोपऱ्यावर. खालच्या मजल्यावर जाऊन बघायचं: इथे खाली भिंत आहे का, आणि त्या भिंतीखाली पुन्हा भिंत आहे का? वजन सरळ रेषेत जमिनीत उतरलं पाहिजे. रामबाग, नारायण बागेकडच्या जुन्या घरांत लोखंडी गर्डरवर दगडी फरशा टाकलेलं छत असतं. तिथे टाकी फरशीवर ठेवायचा विचारही करू नये. दोन भिंतींवर टेकलेले नवे गर्डर टाकून त्यांच्यावरच ओटा करायचा, जुन्या छताला वजन लागूच द्यायचं नाही. आणि हे ठरवायला एखाद्या जाणत्या इंजिनिअरला घर दाखवायचं. त्याची फी टाकीच्या किमतीपुढे काहीच नाही.

मुळात आत्याला दोन हजार लिटर वर हवेतच कशाला? शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी धरतात. तिच्या घरी सहा माणसं, म्हणजे दिवसाला साधारण 810 लिटर. इंदुरात बहुतेक वस्त्यांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेव्हा दोन दिवसांचे 1620. पण हा साठा डोक्यावर कशाला घ्यायचा? तो खाली हौदात ठेवा, वर एका दिवसापुरती हजाराची टाकी. साठवण जमिनीचं काम, गच्चीवरून फक्त वाटप. दोन हजारवाली परत गेली. दुकानदाराने कुरकुर केली, पण बदलून दिली.

टाकीच्या बुडाखाली काय हवं

प्लास्टिकच्या टाकीचं बूड स्वतःच्या बळावर पाणी पेलत नाही, खालच्या ओट्याच्या बळावर पेलतं. म्हणून ओटा टाकीच्या बुडापेक्षा चार बोटं मोठा आणि सगळीकडे सपाट हवा. नुसत्या अँगलच्या स्टँडवर तीन पट्ट्यांवर टेकवलेली टाकी मे महिन्याच्या उन्हात पट्ट्यांमधल्या फटींतून हळूहळू खाली लोंबायला लागते आणि एक दिवस तिथेच चिरते. स्टँड असेलच तर त्यावर फरशी किंवा जाड पत्रा पूर्ण टाका. टाकी ठेवण्याआधी ओट्यावरून एकदा तळहात फिरवायचा. मी फिरवतोच. आत्याच्या ओट्यावर हाताला एक गिट्टीचा खडा लागला, सिमेंटमध्ये अर्धा रुतलेला, हरभऱ्याएवढा. एक टन वजनाखाली हरभऱ्याएवढा खडा म्हणजे सुईच.

उंची किती? एक मीटर उंची वाढवली की नळाला दाब वाढतो एका बारचा (बार हे दाबाचं माप) दहावा भाग, म्हणजे फारच थोडा. वरच्या मजल्यावर शॉवर रडतो म्हणून लोक टाकी दोन पुरुष उंच स्टँडवर चढवतात. त्याआधी पाइप बघा. टाकीतून निघणारा पाइप अर्ध्या इंचाचा आणि त्याला सहा एल्बो, असं असेल तर टाकी ढगात नेली तरी धार येणार नाही. सव्वा इंची किंवा दीड इंची पाइप खाली आणून मग बाथरूमपाशी बारीक केला तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

टाकीला भोक पाडायचं ते होल सॉने, म्हणजे गोल करवतीने, आणि सपाट जागी. गरम सळईने पाडलेलं भोक वाकडं होतं, कड ठिसूळ होते, मग कितीही टेफलॉन गुंडाळा, तिथून ठिबकतंच. बाहेर जाणारा पाइप तळापासून दोन बोटं वर घ्या म्हणजे गाळ नळात येत नाही. आणि अगदी तळाला एक वेगळा वॉशआउटचा पाइप, व्हॉल्व्ह लावून. हा शंभर-दोनशे रुपयांचा पाइप लोक वाचवतात आणि मग दर सहा महिन्यांनी मगाने गाळ उपसत बसतात. टाकी घेताना तिच्यावर आयएस 12701 हा आकडा आणि आयएसआयची खूण कोरलेली आहे का बघा. आणि झाकण उघडून आत डोकवा. भरदुपारी आतून उजेड दिसत असेल तर ती टाकी सोडून द्या. उजेड आला की शेवाळ आलं.

रिकामी टाकी

भरलेल्या टाकीची भीती समजते, कारण ती जड असते. रिकामीचं काय? ती तर आणखी फसवी.

हजार लिटरची रिकामी टाकी वीस-तीस किलोची असते आणि अंगाने मात्र माणसाएवढी. जूनच्या सुरुवातीला माळव्यात जी आंधी सुटते, तिच्यापुढे ही टाकी म्हणजे शीड. सुटीत गावी जाताना लोक "पाणी सडायला नको" म्हणून टाकी रिकामी करून जातात. पाइपाने धरून ठेवलं असं वाटतं, पण पाइप हा काही दोर नव्हे, तो निपलपाशी, म्हणजे टाकीला जोडणाऱ्या आखूड तुकड्यापाशी, तुटतो. टाकी गच्चीवरून शेजारच्या अंगणात गेलेली मी पाहिली आहे. सुदैवाने तिथे फक्त तुळस होती. ओट्याभोवती अँगलची कड किंवा विटांचा दोन थर कठडा करा आणि गावी जाताना निदान पाव टाकी पाणी राहू द्या. आल्यावर सोडून द्या, झाडांना घाला.

जमिनीखालची रिकामी टाकी तर वर उसळते. इंदूरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत प्लास्टिकचा हौद पुरला आणि पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साठलं, की तीन हजार लिटरच्या रिकाम्या हौदाला खालून तीन टनांचा जोर लागतो. हौद होडीसारखा वर येतो, अंगणातली फरशी उचलून. म्हणून खड्ड्याच्या तळाला काँक्रीट, त्याला हौद जखडायचा, भोवतीची काळी माती काढून मुरूम थराथराने दाबून भरायचा, आणि बाहेर जसजसा मुरूम भरत जाल तसतसं आत पाणी भरत जायचं, म्हणजे हौद आत चेपत नाही. गच्चीवरची साधी टाकी जमिनीत पुरू नका. ती आतून बाहेर ढकलणाऱ्या पाण्यासाठी बनवलेली असते, बाहेरून आत ढकलणाऱ्या मातीसाठी नव्हे. पुरायची टाकी वेगळी मिळते, जाड आणि वळ्यावळ्यांची.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं, जे मी आत्याच्या मिस्त्रीला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितल्यावर तो वैतागला.

आत्याचा हौद काँक्रीटचा होता. स्लॅब टाकून तीन आठवडे झाले होते, दोन फूट बाय दोन फुटांचं तोंड फळीने झाकलेलं, आणि आत सेंट्रिंगच्या, म्हणजे ओलं काँक्रीट पेलायला लावलेल्या, लाकडी फळ्या अजून तशाच. मिस्त्री एका पोराला म्हणाला, "उतर जा, पटिये निकाल दे." मी त्याचा दंड धरला.

बंद हौदात ओल्या फळ्या कुजत असतात. कुजवणारे जंतू हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतात. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन साधारण 21 टक्के असतो. तो 19.5च्या खाली गेला की जागा धोक्याची, आणि सहाच्याही खाली गेला तर माणूस काही श्वासांतच भान हरपतो. गुदमरल्यासारखं होत नाही, वास येत नाही, ओरडायला वेळ मिळत नाही. गुडघे वाकतात आणि माणूस खाली बसतो. वरचा म्हणतो, "अरे, चक्कर आली वाटतं," आणि त्याला काढायला उडी मारतो. हौदातल्या अपघातात एकावर एक दोघं-तिघं जातात ते असे. पहिला कामासाठी उतरलेला असतो, पुढचे त्याला वाचवायला.

म्हणून: तोंड आदल्या दिवशीच उघडायचं. हौदाला दोन तोंडं असतील तर दोन्ही. ब्लोअरला पाइप लावून ताजी हवा तळापर्यंत सोडायची आणि काम चालू असेपर्यंत ती चालू ठेवायची. उतरणाऱ्याच्या छातीला दोर, दोराचं टोक वर दोघांच्या हातात, आणि त्या दोघांनी कुठेही जायचं नाही, चहालासुद्धा. गॅस तपासायचं यंत्र भाड्याने मिळालं तर उत्तमच. पेटती मेणबत्ती सोडून बघायची जुनी युक्ती विसरा. विषारी वायू असला तरी ज्योत मजेत जळत राहते, आणि पेटणारा वायू असला तर भडका. पाणी उपसायला पेट्रोलचा किंवा डिझेलचा पंप हौदात उतरवू नका, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बिनवासाचा मारेकरी आहे. आणि आत कोणी पडलंच, तर आपण उतरायचं नाही. वरून दोर ओढा, हवा सोडा, 112 ला फोन करा. मन मानत नाही, हे मलाही कळतं. तरीही.

आत्याच्या घरी त्या दिवशी फळ्या निघाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ब्लोअर आणला. भाडं मिस्त्रीने माझ्या नावावर मांडलं.

हौद धुण्यालाही हाच नियम, आणि वरच्या टाकीलाही. हजार लिटरच्या टाकीत लहान अंगाच्या पोराला ब्लीचिंग पावडर घेऊन उतरवतात, ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. लांब दांड्याचा ब्रश झाकणातून घाला आणि बाहेर उभं राहूनच घासा.

पाणी उलटं वाहतं तेव्हा

इंदूरला नर्मदा आली 1978 साली. खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून, जवळजवळ 70 किलोमीटरवरून, विंध्याचा घाट पंपांनी चढवून. इतक्या लांबून आणि इतक्या वर आलेलं पाणी शेवटच्या दहा फुटांत घाण करून घ्यायचं, हे आपल्यालाच जमतं.

नळ बंद असतो तेव्हा रस्त्याखालच्या पाइपात दाब नसतो. दाब असताना चिरेतून पाणी बाहेर गळतं, दाब नसताना बाहेरचं आत शिरतं. आणि बाहेर शेजारीच गटार असू शकतं. त्यात कोणी नर्मदेच्या लाइनीलाच थेट टुल्लू, म्हणजे छोटा विजेचा पंप जोडला, की तो पाणी ओढतो म्हणजे पाइपात उलट शोषण तयार करतो, आणि गल्लीभरच्या चिरांमधून घाण आत खेचतो. स्वतःच्या घरात आणि शेजाऱ्याच्याही. हे बेकायदा तर आहेच, पण मला त्याचा राग येतो तो शेजाऱ्यासाठी. नर्मदेचं पाणी आपसूक हौदात पडू द्या, पंप हौदातून वर न्यायला लावा.

हौदात पडणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्यात बुडू देऊ नका. ते ओव्हरफ्लोच्या पातळीपेक्षा निदान दोन-तीन बोटं वर हवं, मधे मोकळी हवा. तोंड बुडालं असेल तर नळ गेल्यावर हौदातलं पाणी उलटं लाइनीत ओढलं जातं. तसंच बोरिंगचं. इकडे पुष्कळ घरांत बोरिंग आणि नर्मदा एकाच पाइपात आणून मधे एक व्हॉल्व्ह बसवलेला असतो. व्हॉल्व्ह एक दिवस सुटतो, किंवा कोणीतरी उघडाच विसरतो, आणि तुमचं बोरिंगचं पाणी गावाच्या लाइनीत जातं. दोन्ही पाइप वेगवेगळे आणा, हौदात वरून वेगवेगळे पडू द्या.

डासांचं थोडक्यात. डेंग्यूचा डास बहुधा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, टाकीच्या आतल्या कडेला पाण्याच्या रेषेलगत, आणि ती अंडी सुकली तरी महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत, कड घासावी लागते. झाकण घट्ट, आणि ओव्हरफ्लो व हवेच्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी. हौदाच्या झाकणाला कुलूपही हवं, घरात लहान मूल असो वा नसो. शेजाऱ्याकडे असतंच.

पंपाच्या वायरला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच हवा, 30 मिलिअँपिअरचा, आणि खरं अर्थिंग. भिंतीतल्या तीन भोकांच्या सॉकेटमागे तिसरी तार बहुतेकदा नसतेच, उघडून बघा. पंप चालू असताना हौदात हात घालायचा नाही, बंद असला तरी प्लग काढल्याशिवाय नाहीच. गच्चीजवळून विजेची लाइन जात असेल तर टाकी त्या बाजूला नको आणि लोखंडी पाइप उभा धरून गच्चीवर कोणी फिरायला नको.

नवी टाकी बसली की लगेच प्यायचं पाणी भरायचं नसतं. आधी धुऊन घ्या, मग हजार लिटरला 200 ग्रॅम ब्लीचिंग पावडर, साधारण 25 टक्के क्लोरीनवाली. प्लास्टिकच्या बादलीत कालवून घट्ट गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ तेवढं भरलेल्या टाकीत ओतायचं. घरातला एकेक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडून बंद करायचा. रात्रभर ठेवून सकाळी सगळं गटारात सोडायचं, झाडांना नाही. ब्लीचिंगबरोबर बाथरूमचं ॲसिड कधीही नको, त्यातून क्लोरीनचा वायू सुटतो आणि तो फुप्फुसं जाळतो.

आत्याची टाकी अखेर जिन्याकडच्या कोपऱ्यात, दोन बीमांच्या भेटीवर बसली. पहिल्या दिवशी अर्धी भरली, मी खालच्या खोलीत स्टुलावर चढून छताच्या कडेने पेन्सिलची रेघ मारून तारीख लिहिली. दुसऱ्या दिवशी पूर्ण भरून चोवीस तास तशीच ठेवली. पातळी हलली नाही, निपलपाशी कोरडं, रेघेशेजारी चीर नाही. तेव्हा आत्या कुंकवाचा करंडा घेऊन वर आली, टाकीला हळदकुंकू लावलं, ओट्याच्या कडेवर नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा मिस्त्रीच्या हातावर ठेवत विचारलं, "अब छे महीने बाद इसको धोएगा कौन?"

मिस्त्री माझ्याकडे बघायला लागला.